बाजीची बॉलिंग

तिचा पहिला बॉल मी पकडला असं म्हणता येणार नाही. तो येऊन माझ्या ग्लोव्हजवर आदळला, मी मागच्या मागे गवतावर बसले आणि बॉल कुंपणाकडे निघून गेला. बॅटिंग करत होती आमची जर्मन कॅप्टन. तिने बॅट खाली केली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आल्झो... तर मग, ही आता आपल्याच टीममध्ये आहे ना?"

"आपल्याच," मी तळवे चोळत म्हणाले. "नशीब आपलं."

येना हे जर्मनीतलं भिंगांचं आणि काचेचं गाव. मी इथल्या एका संस्थेत लेसरवर काम करते. नवरा वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. शुक्रवारी घरी येतो आणि रविवारी परत जातो. आठवडाभर घरात मी आणि माझी मुलगी. शनिवारी सकाळी मात्र मुलगी बापाच्या ताब्यात आणि मी मैदानावर, असा आमचा अलिखित करार आहे. नागपूरला रेल्वे क्वार्टर्समध्ये लहानपणी भाऊ मला बॅटिंग देत नसत, बॉलिंग देत नसत, म्हणून मी स्टंपांच्या मागे उभी राहायला शिकले. ते शिक्षण कामाला येईल असं वाटलं नव्हतं. पण इथे बायकांची टीम निघाली तेव्हा कीपर व्हायला कुणी तयार नव्हतं. तासन् तास उठाबशा कोण काढणार? मी हात वर केला.

मैदान नदीकाठी आहे. नदीचं नाव 'झाले'. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा रोज विचारायच्या, "काय झाले?" आणि स्वतःच हसायच्या. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला सिमेंटची एक पट्टी आहे, तिच्यावर हिरवी मॅट अंथरली की झालं आमचं पिच. मैदान सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. आमच्या बुटांच्या खिळ्यांनी त्यांचं गवत खराब होईल या काळजीने ते सुरुवातीला प्रत्येक शनिवारी येऊन उभे राहत. टीममध्ये बंगळुरूच्या दोघी पीएचडी करणाऱ्या, ढाक्याची एक डॉक्टर, कोलंबोची एक आर्किटेक्ट आणि हँडबॉल नाहीतर सॉफ्टबॉल सोडून आलेल्या जर्मन मुली. बॉल मिडल स्टंपवर पडला की आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायचो, एवढंच आमचं क्रिकेट.

त्यात ही आली. उंच, खांद्यांनी रुंद, लांब वेणी शर्टाच्या आत खोचलेली. क्लबच्या ग्रुपवर तिने एवढंच लिहिलं होतं की मी सियालकोटची आहे, इथल्या युनिव्हर्सिटीत क्रीडाविज्ञान शिकायला आले आहे, थोडीफार बॉलिंग टाकते. बंगळुरूच्या मुलींपेक्षा ती मोठी होती. तिच्याकडे मोठ्या बहिणीला बाजी म्हणतात हे कळल्यावर आम्ही सगळ्याच तिला बाजी म्हणायला लागलो, जर्मन मुलीसुद्धा.

पहिल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दस्ताने उतारो."

मी ग्लोव्हज काढले. तळवे लाल झाले होते, एक बोट सुजलं होतं. तिने माझा हात उलटासुलटा करून पाहिला, एखादी डॉक्टर पाहते तसा. मग मला उभं केलं आणि हातात नुसता रुमालाचा बोळा टाकत दाखवलं. "तू बॉलला अडवतेस. अडवू नकोस. तो येतोय ना, त्याच्याबरोबर थोडी मागे जा. आणि माझ्यासाठी अजून लांब उभी राहा."

मी हिंदीत बोलत होते, ती उर्दूत, आणि दोघींनाही आपण एकच भाषा बोलतोय असं वाटत होतं.

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"गल्लीत," ती म्हणाली आणि बॅग उचलून ट्रामच्या दिशेने गेली.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी मी तिची बॉलिंग स्टंपांच्या मागून पाहिली. बोलरला नीट पाहायचं असेल तर तीच जागा. बॅट्समनला फक्त बॉल दिसतो. कीपरला बॉल, बोलर आणि बॅट्समनचा गोंधळ असं तिन्ही दिसतं. बाजी सावकाश निघायची, जणू कुणाला हाक मारायला चालली आहे. मग पावलं जुळायची, वेग चढायचा, आणि शेवटच्या उडीत तिचं सगळं शरीर एकदम वर जाऊन थांबल्यासारखं व्हायचं. पुढचं दिसायचं नाही. बॉल माझ्याकडे आलेला असायचा. टप्पा पडेपर्यंत तो सरळ येतोय असं वाटायचं आणि मग तो आत वळायचा. कितीदा तरी मी बाहेरच्या बाजूला सरकले आणि बॉल स्टंपांना लागला. माझीही फसगत व्हायची, आणि त्याचा मला आनंद व्हायचा.

क्लबच्या पुरुषांच्या टीमने तिला नेटमध्ये बॉलिंग टाकायला बोलावलं. त्यांचा एक ओपनर होता, आपल्याकडचाच, कॉलेजकडून खेळलेला. तो हेल्मेट न घालता उभा राहिला. बाजी रन-अपच्या टोकावर थांबून राहिली.

"टाक ना," तो म्हणाला.

"हेल्मेट घाला."

"अरे, प्रॅक्टिस तर आहे."

"म्हणूनच घाला."

तो हसला, इतर मुलंही हसली. बाजीने बॉल खाली ठेवला आणि खुशाल गवतावर बसून पाण्याची बाटली उघडली. ना राग, ना वाद. शेवटी त्याने हेल्मेट आणलं. ती उठली. सगळ्यांना वाटलं आता बाउन्सर येणार. तिने टाकला यॉर्कर, बरोबर बुटाच्या टोकापाशी. स्टंप मागे नेटमध्ये जाऊन पडला. त्या मुलाने स्वतःच आधी टाळी वाजवली, एवढं मोठेपण त्याच्याकडेही होतं. मी तिला नंतर विचारलं, "बाउन्सर का नाही टाकलास? त्याने मागितलाच होता." ती म्हणाली, "घाबरवून विकेट घ्यायला मला आवडत नाही. चकवून आवडतं."

एवढी बॉलिंग टाकणारी बाई कोण आहे, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पण इथे आपण लोकांना फार विचारत नाही. जो तो कुठून तरी काही तरी मागे ठेवून आलेला असतो. आम्हाला वाटलं, कॉलेजकडून वगैरे खेळली असेल.

हे कोडं सोडवलं माझ्या सासूबाईंनी. त्या नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी मनापासून केल्या: रोज सकाळची वंदना आणि टीव्हीवरचं क्रिकेट. पुरुषांचं, बायकांचं, अंडर-नाइन्टीनचं, कुठलंही. पाकिस्तानविरुद्ध मॅच असली की त्या जेवण टीव्हीसमोरच घेत आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने अंपायरशी भांडत. वैशाख पौर्णिमेला त्या येनात होत्या. त्या दिवशी आमच्याकडे जवळची मंडळी खीर खायला येतात, म्हणून मी टीमलाही बोलावलं. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. समोर बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, उदबत्ती आणि माझ्या मुलीने बाल्कनीतून तोडून आणलेली जिरेनियमची फुलं.

"ह्या आमच्या बाजी," मी ओळख करून दिली.

"बाजी? हे तर पुरुषाचं नाव," आई म्हणाल्या. मग जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "कुठल्या गं तुम्ही?"

"सियालकोट, खालाजान," बाजीने आईंना मावशी करून टाकलं.

"पाकिस्तान," आई म्हणाल्या. मी मनातल्या मनात डोळे मिटले. पण आई तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. बाजी बिचारी संकोचून खीर खात होती. "घरात आज सगळं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, निवांत खा," असं मी तिला सांगितलं होतं. खाऊन झाल्यावर तिने टेबलावरच्या टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि बोलता बोलता ते दोन बोटांत धरून मनगटावर घासायला लागली.

"थांब!" आई एकदम म्हणाल्या. "तसंच धर. हलू नकोस."

बाजी संत्रं धरून तशीच थांबली.

"हीच ती," आई मला म्हणाल्या. "अगं, हीच ती! आपल्या ओपनरची दांडी उडवली होती हिने. बॉल बाहेर चाललाय म्हणून आपल्या पोरीने बॅट वर उचलली, आणि तो आत आला. मी हातातला घास खाली ठेवला होता." मग तिच्याकडे वळून हिंदीत, "तूच ना? विकेट घेतल्यावर नाचली नाहीस, धावली नाहीस, नुसती उभी राहिलीस. मी आमच्या ह्यांना म्हणाले, अहो, ही पोरगी बघा, हिला आनंदसुद्धा करता येत नाही."

बाजीचे कान लाल झाले. ती खाली बघून हसली. "जी, मीच. मला खरंच वाटलं नव्हतं की ती बोल्ड झाली आहे. मला वाटलं नो-बॉल असेल."

"मॅच मात्र आम्ही जिंकलो," आई म्हणाल्या.

"जी. तुम्हीच जिंकलात."

"मग बस इथे. आणि सगळं सांग."

आईंचा शिक्षिकेचा आवाज होता तो. त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. बाजी सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि आम्ही सगळ्या खाली गालिच्यावर. तिने सांगितलं ते असं.

तिची आई घरी बसून क्रिकेटचे बॉल शिवायची. सियालकोटच्या आसपास कितीतरी घरांत हेच काम चालतं. शिवण वाकडी गेली की तो बॉल नापास, आणि नापास बॉल घरात राहायचा. भाऊ आणि ती त्या बॉलनी गल्लीत खेळायचे. वाकड्या शिवणीचा बॉल कुठे जाईल याचा नेम नसे, त्यामुळे तो ताब्यात ठेवायला ती मनगटाने धडपडायची. पुढे शाळेच्या टीममध्ये पहिल्यांदा सरळ शिवणीचा बॉल हातात आला, तर तो सांगेल तिथे जायला लागला. "मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे," ती म्हणाली. वडील आधी नाही म्हणाले. नंतर तेच सायकलवर मागे बसवून तिला स्टेडियमपर्यंत सोडायला लागले. नातेवाइकांनी नावं ठेवली, तर ते म्हणायचे, मी बाजारात चाललो होतो, ही वाटेत भेटली.

देशाच्या टीममध्ये निवड झाली तेव्हा ती कॉलेजात होती. पहिल्या मॅचच्या पहिल्या ओव्हरमध्ये तिने इतके वाइड टाकले की ओव्हर संपेचना. कॅप्टनने जवळ येऊन विचारलं, "आयुष्यातले सगळे बॉल आजच टाकणार आहेस का?" ती हसली, आणि हसल्यावर हात मोकळा झाला. पुढची काही वर्षं नवा बॉल तिच्याच हातात असायचा. परदेशांत फिरली, थंडीत बोटं वाकत नसताना बॉलिंग टाकली, तिचा चेहरा टीव्हीवर पाहून गल्लीतल्या बायका आईला मिठाई देऊन गेल्या.

"मग?" आईंनी विचारलं.

"मग पाठ," बाजी म्हणाली. मणक्याला बारीक चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले झोपून राहा, ती राहिली. पुन्हा चालायला शिकल्यासारखं पळायला शिकली. पण ती परतली तोवर तिच्या जागी दोन नव्या मुली आल्या होत्या, चांगल्या आल्या होत्या. पुढच्या दौऱ्याची टीम टीव्हीवर जाहीर झाली. घरातले सगळे समोर बसले होते. तिचं नाव आलं नाही. वडील उठून टीव्ही बंद करायला गेले, तर ती म्हणाली, "राहू दे, अब्बू. कोण कोण आहे ते बघू दे."

हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. तक्रार नव्हती. तिने त्या नव्या मुलींची एकेकीची बॉलिंग आईंना समजावून सांगितली, कोण कशी चांगली आहे ते. दुखण्याच्या त्या दिवसांत तिला एका गोष्टीची गोडी लागली होती: शरीर मोडतं कसं आणि परत जुळतं कसं. ते शिकायला ती जर्मनीत आली.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, तिच्या वाटीत आणखी खीर वाढली आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "टीव्हीवर आपल्याला यांचा फक्त शर्ट दिसतो गं."

वर्षं गेली. बाजीचं शिक्षण संपलं आणि ती गावातल्या रेहामध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा हातपाय हलवायला शिकवणाऱ्या दवाखान्यात, फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली. आमची टीम तिच्यामुळे बदलली. हँडबॉल सोडून आलेली एक मुलगी बाजीने हाताला धरून बोलर केली. गवत सांभाळणारे ते म्हातारे गृहस्थ आता खुर्ची घेऊन येत आणि तिची ओव्हर संपेपर्यंत जागचे हलत नसत.

एके दिवशी ती माझ्या संस्थेच्या कॅन्टीनमध्ये येऊन माझ्यासमोर बसली. ताटातल्या बटाट्यांना हात लावला नाही. सलग काही वर्षं या देशात राहिलं की इथल्या राष्ट्रीय टीमकडून खेळता येतं, असा नियम आहे. जर्मनीच्या टीमने तिला बोलावलं होतं.

"मग रडवेली का झालीस?"

"तो हिरवा शर्ट अजून माझ्या कपाटात आहे," ती म्हणाली. "इस्त्री करून. दुसरा घातला तर त्याला काय वाटेल?"

शर्टाला काय वाटेल! मला हसायचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून हसले नाही. मी म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

तिने तिथेच फोन लावला. स्पीकरवर पंजाबीत बोलणं चाललं होतं. मला अर्धं कळलं. तिची आई बराच वेळ ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला, "नवा बॉल तुला देणार का?"

"हो, म्हणालेत तसं."

"मग मला काय विचारतेस?"

बाजीने फोन ठेवला, डोळे पुसले आणि सगळे बटाटे संपवले.

त्यानंतर ती ट्राममध्ये जर्मन राष्ट्रगीत पाठ करायची. ओठ हलत असायचे, समोरची माणसं बघायची. आम्ही म्हटलं, बऱ्याच खेळाडू नुसत्या उभ्या राहतात, तुला कोण विचारतंय? ती म्हणाली, "ज्या घरी जेवायचं त्या घराची दुआ तरी यायला नको का?"

पहिली मॅच ड्युसेलडॉर्फजवळच्या मैदानावर होती. त्या उन्हाळ्यात आई दुसऱ्यांदा आल्या होत्या. "मी येणारच," म्हणाल्या. नवऱ्याने गाडी काढली. आई पुढच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांचा डबा, आणि मागे मी आणि मुलगी. मुलीला मी मराठीत क्रिकेट समजावत होते आणि ती जर्मनमध्ये विचारत होती की एवढ्या वेळात सगळ्या जणी उभ्याच का असतात.

मैदान हिरवंगार, कडेला उंच झाडं, प्रेक्षक थोडेच. खेळाडूंच्या घरचे, क्लबची माणसं, कुत्र्याला फिरवायला आलेलं आणि कुतूहलाने थांबलेलं एक जोडपं. समोर शेजारच्या देशाची टीम. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा आई चष्मा लावून ओठ बघत होत्या. "म्हणतेय गं, सगळं म्हणतेय," असं त्यांनी मला कोपराने ढोसून सांगितलं.

पहिली ओव्हर वाईट गेली. मी सीमेबाहेर बसले होते, पण मला कळत होतं की तिची पावलं जुळत नाहीत. एक फोर, मग दुसरी. तिने कमरेवर हात ठेवून एकदा वर आभाळाकडे बघितलं. माझे हात आपोआप ग्लोव्हज घातल्यासारखे समोर आले. दुसऱ्या ओव्हरला ती रन-अपच्या खुणेपासून थोडी पुढे आली, धाव आखूड केली. आणि तो पहिलाच बॉल टप्पा पडून नेहमीसारखा आत न वळता बाहेर निघाला. बॅटच्या कडेला लागून स्लिपमध्ये. स्लिपमध्ये होती आमच्या येनाचीच ती हँडबॉलवाली. कॅच सुटला.

माझ्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाजी टाळी वाजवत त्या हँडबॉलवालीकडे गेली, काही तरी म्हणाली आणि परत फिरली. कॅप्टन फिल्डर बदलायला निघाली, तर बाजीने हाताने खूण केली, राहू दे, तिथेच राहू दे तिला.

थोड्या वेळाने पुन्हा तसाच बॉल, पुन्हा तिथेच कॅच, आणि पुन्हा सुटला.

"अरे देवा," माझा नवरा म्हणाला.

तरीही बाजीने तिला हलवलं नाही. पुढचा बॉल तिने असा टाकला की तो बॅटला लागण्याचा प्रश्नच आला नाही. मधला स्टंप उखडून गेला.

"बघ," आई म्हणाल्या, "आता कुणाच्या हाती द्यायचंच नाही असं ठरवलं तिने." आणि उभ्या राहून त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की कुत्रा भुंकायला लागला. त्या विकेटनंतरही बाजी नाचली नाही. पण ह्या वेळी ती हसत होती, आणि सगळ्यांत आधी धावत गेली ती त्या स्लिपमधल्या मुलीकडे.

शेवटी समोरच्या टीमची अगदी शेवटची बॅट्समन आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. पॅड तिला मोठे होत होते आणि बॅट धरायची पद्धत पाहून कळत होतं की ती नवीन आहे. कुणीतरी ओरडलं, आखूड टाक, आखूड! बाजीने मान हलवली. तिने एक पुढच्या टप्प्याचा, हळू बॉल टाकला. मुलीने तो ढकलला आणि धावली. एक रन मिळाली. तिच्या टीमने जल्लोष केला, आम्हालाही बरं वाटलं. बाजी खुणेपाशी परत जाताना तिला काही तरी बोलून गेली. मुलीला पुन्हा स्ट्राइक आली तेव्हा बाजीने अगदी सरळ यॉर्कर टाकला आणि मॅच संपली. नंतर मी विचारलं, काय म्हणालीस तिला? "म्हणाले, छान खेळलीस, आता पाय सांभाळ."

त्या मॅचनंतर ती जर्मनीकडून बऱ्याच मॅचेस खेळली. काही आम्ही पाहिल्या, काही मोबाइलवर, काहींचे निकाल तीच येऊन सांगायची. आता ती पहिल्याइतकी वेगवान नव्हती. तिने ते स्वतःपासून लपवलं नाही. वेग कमी झाला तशी ती हुशार झाली. कधी हळू बॉल, कधी क्रीजच्या टोकावरून, कधी जुन्या पद्धतीचा, आत वळणारा. तरुण मुलींना ती म्हणायची, माझ्यासारखं टाकू नका, माझ्या पाठीकडे बघा आणि सरळ धावा.

मागच्या सप्टेंबरमध्ये तिची शेवटची मॅच झाली. मी तिला माझ्या गाडीने घेऊन गेले होते. शेवटची ओव्हर तिच्याकडे होती. समोरच्या टीमला थोड्याच धावा हव्या होत्या. तिने जमेल तेवढं ताणलं, दोन विकेटही काढल्या, पण शेवटी एक बॉल बॅटच्या कडेला लागून मागे गेला आणि फोर झाली. तिची टीम हरली. सगळ्या जणी तिच्याभोवती गोळा झाल्या. कॅप्टनने तिला बोलायला सांगितलं. तिने जर्मनमध्ये फक्त एवढंच म्हटलं, की मला दोन देशांनी नवा बॉल दिला, अजून काय हवं. आणि मग माइक दुसरीकडे देऊन स्टंप उपटायला मदत करायला लागली.

परतीच्या वाटेवर आउटोबानवर ती सीट मागे करून, पाठीला बर्फाची पिशवी लावून बसली होती. मला वाटलं रडत असेल. बघितलं तर डोळे मिटून शांत.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"हरल्याचं वाटतंय," ती म्हणाली. "थांबल्याचं नाही. पाठ कधीपासून म्हणत होती पुरे, मी तिचं ऐकत नव्हते. आज दोघींचं एकमत झालं." मग जरा वेळाने, "ती शेवटची फोर मात्र जायला नको होती. कीपर तू असतीस तर अडवली असतीस."

हे खरं नव्हतं. पण मी गाडी उजवीकडच्या हळू लेनमध्ये घेतली.

सोमवारी सकाळी लक्षात आलं की तिचे रोजचे बूट माझ्या गाडीच्या डिकीत राहिले आहेत. कामाला जाता जाता मी रेहामध्ये गेले. व्यायामाच्या खोलीचं दार उघडं होतं. बाजी पांढऱ्या टी-शर्टमध्ये एका वयस्कर गृहस्थांसमोर गुडघ्यावर बसली होती. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय उचलायचा कंटाळा आला की ते गप्पा काढत असावेत.

"वर्तमानपत्रात तुमचा फोटो होता," ते म्हणाले. "जिंकलात ना?"

"नाही. हरलो."

"पण तुम्ही चांगलं खेळलात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाजी म्हणाली. "मी चांगलं खेळले आणि आम्ही हरलो. आता तुम्ही पाय उचला."

आजोबांनी कुरकुरत पाय उचलला. तिने टाचेखाली हात धरला होता, पण आधार देत नव्हती. पाय थरथरत वर जात होता, आणि ती त्याच्याकडे इतकं टक लावून बघत होती की मी दारात आल्याचं तिला कळलंही नाही. मी बूट भिंतीशी ठेवले आणि निघाले.